बन्या मोठा का झाला?

जुलैची सुट्टी लागली आहे, बाहेर पावसाची रिपरिप आहे आणि मुलं घरात आहेत. अशा दिवसांत आपल्यापैकी बऱ्याच घरांत एखादा मराठी चित्रपट लागतो. मुलांच्या कानांवर मराठी पडावं आणि आपल्यालाही जरा बरं वाटावं, असे दोन्ही हेतू त्यात असतात. तो चित्रपट आपल्या लहानपणच्या पुस्तकावरचा असला तर आईबाबाच मुलांच्या आधी सोफ्यावर जाऊन बसतात. आणि मग अर्ध्या तासात कुणीतरी म्हणतंच, "पुस्तकात असं नव्हतं हं."

आज या वाक्याबद्दल बोलू या. पुस्तकाचा चित्रपट होताना गोष्टी का बदलतात, कुठला बदल आपल्याला चालतो आणि कुठला खुपतो.

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न जरा वेगळा होतो. पुण्यात किंवा साताऱ्यात चित्रपट पटला नाही तर पुस्तक हाताशी असतं, मूल ते स्वतः काढून वाचू शकतं. ऑकलंड-वेलिंग्टनला वाढणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलांना मराठी समजतं, मोडकंतोडकं का होईना बोलताही येतं, पण देवनागरीचं एक पान वाचताना ती दमतात. त्यांच्यासाठी चित्रपट ही पुस्तकाची दुसरी आवृत्ती नसते. बहुतेक वेळा तीच पहिली आणि तीच शेवटची. पडद्यावर बन्या जसा दिसेल, तोच त्यांचा बन्या.

बन्या म्हणजे अर्थातच बनेश फेणे, फुरसुंगीचा फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी त्याच्यावर वीसेक पुस्तकं लिहिली. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, किडकिडीत, सायकलवर सुसाट सुटणारा आणि काही सुचलं की जिभेने 'ट्टॉक' करणारा पोरगा. तो प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, चक्रीवादळात सापडला, आणि १९६२च्या चिनी आक्रमणाच्या दिवसांत थेट नेफाच्या बाजूलाही जाऊन आला. एवढा फिरला, पण दहावी काही झाला नाही. वाचणारी मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, विमानात बसून इकडे आली. बन्या आपला अर्ध्या चड्डीतच राहिला.

दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात त्याच्यावर मालिका केली, तेव्हा सुमीत राघवन बन्या झाला होता. त्या वेळी तो स्वतः शाळकरी वयाचाच होता. पुढे २०१७ सालच्या ऑक्टोबरात 'फास्टर फेणे' हा चित्रपट आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन आणि बन्याच्या भूमिकेत अमेय वाघ. यातला बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका मुलाचा मृत्यू होतो. सगळे म्हणतात आत्महत्या, बन्याला ते पटत नाही. तो धागा धरून तो परीक्षेतल्या मोठ्या घोटाळ्यापर्यंत पोचतो, आणि समोर उभा राहतो गिरीश कुलकर्णींचा अप्पा.

चित्रपट म्हणून तो रंगतदार आहे, यात वाद नको. अप्पा तर असा आहे की पडद्यावर नसतानाही त्याची धास्ती वाटावी. आणखी एक छान गोष्ट म्हणजे खुद्द भा. रा. भागवत हे पात्र म्हणून त्यात आहेत. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आहे, आणि ते स्वतः 'बोक्या सातबंडे'चे लेखक. म्हणजे मुलांच्या एका लाडक्या लेखकाने मुलांच्या दुसऱ्या लाडक्या लेखकाचं सोंग घेतलं. जुन्या वाचकांना यात केवढी गंमत वाटली असेल!

तरी प्रश्न उरतो. बन्या मोठा का झाला?

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. ही पुस्तकं सुट्या सुट्या साहसांची आहेत. दोन तासांच्या चित्रपटाला एक सलग, चढत जाणारी गोष्ट लागते. मग कुठलंही एक पुस्तक उचलण्यापेक्षा बन्याचा स्वभाव घ्यायचा आणि गोष्ट नवी रचायची, हे सोयीचं पडतं. दुसरं कारण तिकिटाच्या खिडकीवर आहे. २०१७ साली 'फास्टर फेणे' हे नाव वाचून ज्यांच्या पोटात कालवाकालव झाली, ते लोक तिशी-पस्तिशीच्या पुढचे होते. चित्रपट त्यांच्यासाठी होता. वाचक वाढले म्हणून नायकही वाढवला. तिसरं कारण लिखाणातच आहे. भागवतांची अर्धी मजा त्यांच्या निवेदनात असते, त्या कोट्यांत, मध्येच वाचकाला कोपरखळी मारण्यात. कॅमेऱ्याला ते निवेदन दाखवता येत नाही. मग पात्र उरतं आणि सांगणारा हरवतो.

आणि बदलाबद्दल भागवतांच्या नावाने गळा काढण्याआधी एक आठवण ठेवावी. भागवत स्वतःच मोठे रूपांतरकार होते. ज्यूल व्हर्नच्या किती कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांच्या घरात आणून सोडल्या! फ्रेंच गोष्ट मराठी पोराच्या तोंडी बसायची तर काटछाट आणि नवी फोडणी आलीच. त्यामुळे 'मूळ पुस्तकाला हात लावू नका' हा हट्ट भागवतांच्या वाचकाला फारसा शोभत नाही.

मग खुपतं ते काय? मला वाटतं, खुपतं ते वय. बन्याच्या साहसांचा सगळा जोर कशात होता? मोठी माणसं 'गप रे, तुला काय कळतं' म्हणत असताना बारा-तेरा वर्षांच्या पोराला जे दिसत होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. हेरांनाही वाटायचं, पोरगं आहे, सोडा. तेच वय त्याचं हत्यार होतं. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेल्या तरण्या माणसाने खुनाचा छडा लावला तर ती चांगली रहस्यकथा होते, पण आठ-नऊ वर्षांच्या प्रेक्षकाला त्यात स्वतःसाठी जागा सापडत नाही. शिवाय खून, आत्महत्येचा संशय, गुंडगिरी. सात वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून, 'बघ, हा आमचा बन्या' असं म्हणावं असा तो चित्रपट नाही.

हे फक्त मराठीतच घडतं असंही नाही. इथलंच उदाहरण घ्या. मॉरिस जी यांचं 'अंडर द माउंटन' हे १९७९चं पुस्तक इथे वाढलेल्या कितीतरी जणांनी शाळेत असताना वाचलेलं आहे. रेचल आणि थिओ ही अकरा वर्षांची जुळी भावंडं सुट्टीत ऑकलंडला नातेवाइकांकडे येतात आणि त्यांना कळतं की आपल्या या शहराच्या ज्वालामुखींखाली काहीतरी भयंकर झोपलेलं आहे. पुपुके तळं, रांगिटोटो, सगळं ओळखीचं. १९८१ साली त्यावर टीव्ही मालिका झाली. त्यातल्या गोगलगायीसारख्या बुळबुळीत विल्बरफोर्स मंडळींनी तेव्हाच्या मुलांची झोप उडवली होती. आज पन्नाशीला आलेल्या इथल्या एखाद्या सहकाऱ्याकडे नुसतं ते नाव काढा, तो अंग शहारून दाखवेल. आणि २००९ साली चित्रपट आला तेव्हा काय झालं? जुळी भावंडं किशोरवयीन झाली. आईच्या मृत्यूचं दुःख त्यांच्या वाट्याला नव्याने आलं. फुरसुंगी आणि ताकापुना यांच्यात एवढं अंतर, पण निर्मात्यांचा हिशेब अगदी एकसारखा.

आता याच्या उलट उदाहरण, तेही इथलंच. 'व्हेल रायडर'. विटी इहिमाएरा यांची ही कादंबरी १९८७ची. ते न्यूयॉर्कला असताना हडसन नदीत एक व्हेल आला होता. आणि त्यांच्या मुलींची तक्रार होती की सिनेमात नेहमी मुलगेच का शूर असतात, मुली नुसत्या ओरडतात. या दोन गोष्टींतून हे पुस्तक झालं, असं ते सांगत आले आहेत. म्हणजे सिनेमाला उत्तर म्हणून लिहिलेलं पुस्तक, आणि मग २००२ साली निकी कॅरो यांनी त्याचाच सिनेमा केला.

त्यातले बदल मोजायला बसलं तर आपल्या फेणेपेक्षा कमी नाहीत. पुस्तकात गोष्ट सांगतो तो मुलीचा काका राविरी. चित्रपटात मुलगी स्वतः सांगते. पुस्तकात तिचं नाव काहू, चित्रपटात पाई. पुस्तकात कोरो तिचे पणजोबा, पडद्यावर आजोबा. पुस्तकात नसलेला जुळा भाऊ चित्रपटात जन्मताच वारतो. काका राविरीचा ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीचा प्रवास पार गळाला. व्हेलच्या मनातून लिहिलेले भागही जवळजवळ गेले. दिग्दर्शिका माओरी नाही, यावरूनही त्या वेळी बोललं गेलं, आणि तो प्रश्न रास्तच होता. आपली गोष्ट दुसऱ्याने सांगितली की कसं वाटतं, हे आपल्याला वेगळं समजवायला नको.

एवढं सगळं होऊनही हा चित्रपट इथल्या लोकांनी आपला म्हटला. कारण बदलांमध्ये दोन गोष्टी टिकल्या. एक, जागा. गिस्बोर्नजवळच्या ज्या व्हांगारा गावची ही पाईकेआची दंतकथा, त्याच गावात चित्रीकरण झालं. पाईकेआ तिथल्या सभागृहाच्या शिखरावर व्हेलवर स्वार होऊन बसलेला आजही दिसतो. आणि दुसरं, लहान मूल लहानच राहिलं. पुस्तकातली काहू शेवटी आठ वर्षांची असते, पाई बाराच्या आसपासची. चार वर्षांचा फरक पडला, पण म्हाताऱ्याने नाकारलेली, तरीही त्याच्यावरच जीव टाकणारी लहान मुलगी तशीच राहिली. केइशा कॅसल-ह्यूज ही ऑस्करसाठी नामांकन मिळालं तेव्हा तेरा वर्षांची होती.

मराठीतही हे जमलेलं आहे. 'बोक्या सातबंडे' २००९ साली पडद्यावर आला, 'सकाळ'मधल्या चित्रमालिकेतला 'चिंटू' २०१२ साली. दोघेही पोरसवदाच राहिले. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी घरात काय लावू, असं कुणी विचारलं तर मी आधी हीच दोन नावं घेईन.

'श्यामची आई'ची गोष्ट मात्र निराळी. साने गुरुजींचं हे पुस्तक १९३५चं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्याचा चित्रपट केला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. माधव वझे श्याम, वनमाला आई. पुढे २०२३ साली सुजय डहाके यांनी तो पुन्हा केला, आणि तोही कृष्णधवल. त्यात ओम भूतकर साने गुरुजींच्या भूमिकेत आहेत, म्हणजे गोष्ट सांगणारा मोठा श्यामही पडद्यावर आला. पुस्तकात प्रत्येक प्रकरण एक 'रात्र' आहे आणि श्याम आपल्या मित्रांना आईची आठवण सांगतो आहे, हे आपण विसरून गेलेलो असतो.

इथे पुस्तक फारसं बदललं नाही, बदलला तो ऐकणारा. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, तो प्रसंग आठवतो ना? आपण तो वाचून डोळे पुसले. इथलं मूल सरळ विचारतं, "ती त्याला मारते? मग कुणी काही बोललं नाही?" न्यूझीलंडमध्ये २००७पासून मुलाला शिस्त लावण्यासाठी मारणं कायद्याला मान्य नाही, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक असतं. पोहायला शिकलंच पाहिजे, याबद्दल मात्र त्यांचं श्यामच्या आईशी शंभर टक्के एकमत! अशा वेळी तो प्रसंग गाळू नये, आणि 'तेव्हा तसंच असायचं' म्हणून झटकूनही टाकू नये. त्याच प्रकरणात पुढे आई श्यामच्या वळांना तेल लावते, तिचेही डोळे भरून येतात. तिथपर्यंत मुलांना घेऊन जावं आणि मग त्यांना काय वाटतं ते बोलू द्यावं. मुलं फार नीट बोलतात.

तर मग या सुट्टीत करायचं काय? माझा क्रम असा आहे. चित्रपटाच्या आधी पुस्तकातलं एक साहस मोठ्याने वाचून दाखवा. मुलाला देवनागरी येत नसेल तरी कान आहेत ना! भागवतांची वाक्यं तोंडी सांगितल्यासारखी आहेत, मोठ्याने वाचताना ती जास्तच खुलतात. गेल्या डिसेंबरात भारतात जाऊन प्रतापगड चढून आला असाल तर 'प्रतापगडावर फास्टर फेणे'ने सुरुवात करा, गड डोळ्यांपुढे असेल. 'जवानमर्द फास्टर फेणे' जरा थांबून घ्या, कारण त्याच्या आधी नकाशा काढून १९६२ सांगावं लागेल. एका रात्री एकच प्रकरण. 'पुढे काय?' असा आरडाओरडा झाला तरी दिवा बंद.

आणि २०१७चा चित्रपट मूल तेरा-चौदाचं होईपर्यंत राहू द्या. तेव्हा तो बघताना तेच तुम्हाला म्हणेल, "पुस्तकात असं नव्हतं." त्या दिवशी पोळी जरा जास्त तुपाची वाढा.

एक शेवटचं. 'ट्टॉक' कसं करायचं ते मुलांना आधी करून दाखवू नका. प्रत्येकाचं वेगळं निघतं. आपापल्या मुलांचं 'ट्टॉक' फोनवर रेकॉर्ड करून आमच्याकडे पाठवा, पुढच्या भागात एकापाठोपाठ एक लावू. आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.