घरच्या बाईनेही जपायला हवे

पंचवटीत सीतागुंफा आहे. तिथे गेले की लक्ष्मणरेषेची गोष्ट आठवते. रेषेच्या आत राहिलं की भीती नाही, असं आपण मानतो. पण एक रोग रेषेच्या आतही येतो. तो घरच्याच माणसाबरोबर येतो. त्याचे नाव एच. आय. व्ही.

“मी बरी नि माझं घर बरं. मला कसा होईल?” असे पुष्कळ बाया म्हणतात. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायांचे रक्त तपासले. त्यांत धंदा न करणाऱ्या ३९१ बाया होत्या. त्यांतल्या शंभरात सुमारे चौदा जणींना लागण निघाली. आणि या ३९१ पैकी बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. म्हणजे दोष बाईचा नव्हता.

माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो. पण त्याच्या रक्तात विषाणू असतो. संबंधातून तो दुसऱ्याला लागतो. दूषित सुईने, रक्ताने आणि आईकडून बाळालाही लागतो. एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने किंवा रामकुंडात एकत्र स्नान केल्याने मात्र लागत नाही.

मग काय करावे? धनी ट्रकवर असो, परगावी मजुरीला असो, की घरीच असो; शंका असेल तर निरोध वापरावा. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. धनी ऐकत नसेल तर आशाताईला विचारा. जोडीने दवाखान्यात जा. तिथे रक्ताची तपासणी फुकट होते. नाव गुप्त राहते. लागण नवी असेल, तर काही आठवडे तपासणीत ती दिसत नाही. म्हणून सांगतील तेव्हा पुन्हा जावे.

लागण निघाली तर घाबरू नका. २००४ सालापासून सरकार औषध फुकट देते. गोळी रोज घेतली तर माणूस पुष्कळ वर्षे जगतो. विषाणू रक्तात सापडेनासा झाला, की संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतले, तर बाळही बहुतेक वेळा वाचते.

“सासरचे हाकलून देतील,” ही भीती खरी आहे. पण २०१७ चा कायदा बाईच्या बाजूने आहे. या रोगावरून तिला राहत्या घरातून काढता येत नाही.

काही विचारायचे असेल तर १०९७ या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. लाज धरून गप्प बसू नका, ताई. विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. स्वतःला नि लेकरांना जपणे होय.