लोणारच्या विवरात पायी फेरी

सहलीला जायचे म्हटले की सर्वांना आनंद होतो. डब्यात काय न्यायचे, बसमध्ये कोणाजवळ बसायचे, याची चर्चा आठ दिवस आधीच सुरू होते. पण किती चालायचे, पाणी किती लागेल आणि केव्हा परत फिरायचे, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. सहल सुखरूप पार पडते ती याच प्रश्नांच्या उत्तरांमुळे. चला, रोहिणखेडच्या मुलांसाठी अशी एक सहल आखून पाहू.

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्यातील एक जुने गाव आहे. तेथील दगडी मशीद १५८२ साली बांधलेली आहे. त्याच काळात बादशहा अकबराच्या दरबारातील अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात आपल्याच जिल्ह्यातील लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण तयार करण्यासाठी लागणारे क्षार तेथे मिळतात, असे त्याने नोंदवले आहे. आपली सहल तेथेच जाणार आहे.

फार प्राचीन काळी आकाशातून एक प्रचंड अशनी लोणारच्या काळ्या कातळावर आदळला. त्यामुळे वाटीसारखा खोल खड्डा तयार झाला. यालाच विवर म्हणतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १३७ मीटर आहे. तळाशी खारट पाण्याचे सरोवर आहे. सरोवराभोवती दाट झाडी आहे, मोर आहेत, माकडे आहेत आणि जुनी मंदिरे आहेत. २००० साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० साली या सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. डोंगरावर जाताना आपण आधी चढतो. दम लागला तर तेथूनच मागे फिरता येते आणि परतीची वाट उताराची असते. विवरात याच्या उलट होते. आधी उतार येतो, म्हणून सर्वांना वाट सोपी वाटते. चढ शेवटी येतो. तोपर्यंत पाय थकलेले असतात, बाटलीतले पाणी संपत आलेले असते आणि ऊन वाढलेले असते. १३७ मीटरांचा चढ म्हणजे सुमारे पंचेचाळीस मजली इमारत चढण्यासारखे आहे. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन ही दरी याहून कितीतरी खोल आहे. उतरायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असे तेथील अधिकारी प्रवाशांना सांगतात. आपणही हाच नियम पाळू.

रोहिणखेडहून बुलढाणा, चिखली, मेहकर या मार्गाने लोणार शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सकाळी घरून निघाल्यास पोहोचेपर्यंत ऊन चढेल. म्हणून आदल्या दिवशी जाऊन लोणारला मुक्काम करावा. डिसेंबर किंवा जानेवारी महिना निवडावा. सकाळी विवराच्या उंच कडेची सावली पूर्वेकडच्या भागावर पडते. सूर्य डोक्यावर आला की ती सावली नाहीशी होते आणि फक्त झाडांचा आधार उरतो.

सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर आहे. त्यावरून काठाचा परीघ पावणेचार किलोमीटरांच्या आसपास येतो. वाट काठापासून थोडी दूर आणि वळणावळणाची असते, म्हणून आपण पाच किलोमीटर धरू. आता वेळेचा हिशेब करू. सकाळी सात वाजता निघावे. उतरायला अर्धा तास लागेल. थांबत, पाहत फेरी करायला अडीच तास लागतील. मग अर्धा तास विश्रांती आणि चढायला एक तास. म्हणजे साडेअकराला सर्वजण वर येतील. जोहरच्या नमाजाला आणि जेवणाला पुरेसा वेळ राहील.

या हिशेबात पावणेनऊची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. तोपर्यंत निम्मी फेरी व्हायला हवी. झाली नसेल तर मागे फिरावे, कारण पुढच्या वाटेपेक्षा मागची वाट कमी आहे आणि ती ओळखीचीही आहे. निम्म्याहून अधिक वाट झाली असेल तर पुढे जाणे बरे. मात्र सरोवराचे पाणी वाढले की काठची वाट बुडते. अशा वेळी चिखलातून वाट काढण्याचा हट्ट धरू नये. पूर्ण फेरी होऊ शकेल का, हे वन खात्याच्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारावे. त्यांची परवानगी आणि माहितगार वाटाड्या घेतल्याशिवाय खाली उतरू नये.

प्रत्येकाने दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे. सरोवराचे पाणी पिण्यासारखे नाही. निम्मे पाणी चढासाठी राखून ठेवावे. पायांत बूट आणि डोक्याला टोपी किंवा रुमाल असावा. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाला गुरुजींच्या मागे पुढच्या रांगेत ठेवावे. तो मागे राहिला तर एकटा पडेल. पुढे असला तर सर्वजण त्याच्या चालीने चालतील. एक मोठा माणूस सर्वांच्या शेवटी असावा. उतरण्यापूर्वी, निम्म्या वाटेवर आणि वर आल्यावर मुलांची मोजणी करावी. माकडांना खाऊ घालू नये आणि कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा.

पूर्ण फेरी झाली नाही म्हणून सहल वाया जात नाही. सरोवर उद्याही तेथेच असणार आहे. जितकी मुले खाली उतरली तितकीच हसतखेळत वर आली, तर ती सहल यशस्वी झाली असे समजावे.

स्वाध्याय
१. डोंगर चढणे आणि विवरात उतरणे यांत कोणता फरक आहे?
२. हळू चालणाऱ्या मुलाला पुढे का ठेवावे?
३. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या ठिकाणी पायी सहल काढायची आहे. अंतर, वेळ आणि पाणी यांचा हिशेब लिहा.