शब्दापासून परिच्छेदापर्यंत : सिंगापूरमधील इंग्रजीचे अध्ययन आणि स्मार्टफोन

सिंगापूरच्या विद्यापीठांत इंग्रजी हा केवळ अभ्यासाचा विषय नसून शिक्षणाचे माध्यम आहे. चिनी माध्यमाचे म्हणून स्थापन झालेले नानयांग विद्यापीठ १९८० मध्ये सिंगापूर विद्यापीठात विलीन होऊन सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठ अस्तित्वात आले आणि १९८७ पर्यंत सर्व राष्ट्रीय शाळांनी इंग्रजी माध्यम स्वीकारले. त्यामुळे पुढे भाषेची अडचण उरली ती प्रामुख्याने चीनसारख्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे आणि घरीदारी ‘सिंग्लिश’, म्हणजे चिनी-मलय वळणाची इंग्रजी, बोलणाऱ्या काही स्थानिकांपुढे.

भाषा शिकण्यासाठी मोबाइलचा उपयोग करण्याच्या पद्धतीला ‘मोबाइल-साहाय्यित भाषाअध्ययन’ म्हणतात. तिचा आरंभीचा एक प्रयोग जपानमध्ये झाला, जिथे थॉर्नटन आणि हाउझर यांनी विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या फोनवर इंग्रजी शब्दांचे छोटे पाठ ईमेलने पाठवले. सिंगापूरमध्ये २००८ साली आयफोन विक्रीस आला, आणि २०१० मध्ये वाँग लुंग श्यांग व लुई ची किट यांनी प्राथमिक शाळेतील ज्या प्रयोगाची मांडणी केली, त्यात मुले इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचे अर्थ स्वतः टिपलेल्या छायाचित्रांतून दाखवीत होती. शिकणाऱ्याने फोनवर नुसते वाचू नये, काही घडवावे, हा त्यामागचा विचार होता.

विद्यापीठीय विद्यार्थ्याला मात्र फोन मुख्यतः शब्दकोश म्हणून हाताशी आला आणि त्याची मर्यादाही तिथेच उघड झाली. ‘डिस्कस’चा अर्थ क्षणात सापडे, परंतु त्यापुढे ‘अबाउट’ लागत नाही, ही शब्दसाहचर्याची बाब, म्हणजे कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो याचे भान, निबंध तपासणाऱ्या शिक्षकाच्या खुणेतूनच कळे. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीने अध्यापन पडद्यावर नेले, तरी ही विभागणी फारशी बदलली नाही.

ती बदलली नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर. पूर्वी फोन शब्द देई आणि चूक विद्यार्थ्याच्या हातून कागदावर उतरे. आता सबंध परिच्छेद तयार मिळू लागल्याने ती चूक दिसण्यापूर्वीच नाहीशी होऊ शकते आणि तिच्यातून शिकण्याची संधीही तिच्याबरोबर जाते. म्हणून या काळाचा हिशेब मांडताना साधनांच्या वाढत्या क्षमतेइतकेच महत्त्व या प्रश्नाला द्यावे लागते, की विद्यार्थ्याने स्वतः किती लिहिले आणि त्यातले किती त्याला स्वतःला दुरुस्त करता आले.