‘अलाऊ’ म्हणजे अंगठा: मोबाइलमधली इंग्रजी समजून घेताना

गेल्या वर्षी बुधवार पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी शिष्यवृत्तीला मुकली. गुण चांगले होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, सगळे तयार होते. तिने मोबाइलवर स्वतःच अर्ज भरला, शेवटी ‘सेव्ह’ दाबले आणि निश्चिंत झाली. अर्ज जमा करण्याचे बटण ‘सबमिट’ होते आणि ते पुढच्या पानावर होते. मुदत संपल्यावर चौकशी केली तेव्हा कळले, की अर्ज पोहोचलाच नव्हता. तो कच्चा मसुदा म्हणून तिच्याच खात्यात पडून होता.

या मुलीला इंग्रजी शब्द माहीत नव्हते असे नाही. ती दिवसभर तेच शब्द बोलते. स्टेटस ठेवते, स्टोरी टाकते, रिचार्ज मारते, भांडण झाले की मैत्रिणीला ब्लॉक करते. आपण सगळेच या शब्दांना मराठी क्रियापदे जोडून मोकळे झालो आहोत. पण शब्द तोंडात बसला म्हणजे अर्थ कळला असे होत नाही. बटण दाबल्यावर नेमके काय घडते, आपली कोणती माहिती कोणाकडे जाते, आपण कशाला ‘हो’ म्हणतो, हे कळले तरच तो शब्द आपला झाला.

अंगठा तोच, वही नवी

बुधवार पेठेत राहून या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. इथे अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा बाजार आहे, तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक सामानाचा. आणि दगडूशेठ गणपती मंदिरासमोर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा इथेच सुरू केली. तो जीर्ण वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला.

फुले दांपत्यासाठी अक्षरओळख हा शोभेचा दागिना नव्हता. ज्याला कागद वाचता येत नाही तो कागदावरच लुटला जातो, हे त्यांनी पाहिले होते. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यामागे हेच दुखणे होते. वहीत काय लिहिले आहे हे सावकाराला माहीत होते आणि अंगठा शेतकऱ्याचा होता.

आज सावकाराच्या वहीची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. अंगठा मात्र आपलाच आहे आणि तो आजही न वाचता उमटतो. फरक इतकाच, की आता तो दिवसातून अनेकदा उमटतो.

शब्द बदलायचा की अर्थ सांगायचा?

काही जण म्हणतात, इंग्रजी शब्दच नकोत. ‘संकेतस्थळ’, ‘भ्रमणध्वनी’, ‘आंतरजाल’ म्हणा. भाषेवरचे प्रेम समजू शकते. पण ज्या आजीला ‘वेबसाइट’ कळत नाही तिला ‘संकेतस्थळ’ही कळत नाही. एक परका शब्द काढून दुसरा जड शब्द ठेवला, एवढेच होते.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचने छंदस भाषेत, म्हणजे वेदांच्या भाषेत, बांधण्याची परवानगी मागितली. तथागतांनी नकार दिला आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. आपल्यासाठी वाट हीच आहे. बटणावरचा इंग्रजी शब्द तसाच राहू द्या, कारण पडद्यावर तोच दिसणार आहे. त्याचा अर्थ मात्र घरात बोलतो त्या मराठीत सांगा. सावित्रीबाईंनीही १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. इंग्रजीला घाबरायचे नाही आणि न समजता तिच्यापुढे मानही डोलवायची नाही.

आपल्याकडून काही घेणारे शब्द

*अलाऊ:* म्हणजे ‘माझी परवानगी आहे’. टॉर्चचे ॲप तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागत असेल, तर उजेड पाडायला नंबर कशाला, हा प्रश्न विचारायचा. त्याच्याच शेजारी ‘डोन्ट अलाऊ’ असते. ते दाबले तरी बहुतेक ॲप चालतात. नंतर सेटिंगमध्ये जाऊन दिलेली परवानगी काढूनही घेता येते.

*ॲक्सेप्ट, अग्री:* म्हणजे ‘तुमच्या अटी मान्य’. ही सही आहे. तातडीने कर्ज देणाऱ्या ॲपवर हे बटण दाबताना फोटो आणि संपर्कयादीही हाती दिली जाते. हप्ता थकला की त्याच यादीतल्या नातेवाइकांना बदनामीचे मेसेज जातात. आमच्या भागातल्या कितीतरी बायका या सापळ्यात सापडल्या आहेत.

*ओटीपी:* एकदाच चालणारी किल्ली. तो सांगणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणे. यूपीआयचा पिनही तसाच. तो पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे कोणी सांगितले, की फसवणूक आहे असे समजून फोन ठेवायचा.

*डिजिटल अरेस्ट:* हा शब्द चोरांनी घडवला आहे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही.

*कन्सेंट:* संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली असली पाहिजे. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही या कायद्याने दिला आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. मराठीत मजकूर मागण्याची सवय आपण आतापासूनच लावून घ्यायला हवी.

पसरवणारे शब्द

व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक अक्षरांची पट्टी असते. ती कुठून आली हे महाराष्ट्राने विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. देशात अशा हत्यांची मालिकाच सुरू होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ही पट्टी आणली आणि भारतात एका वेळी पाचच जणांना मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ‘फॉरवर्डेड’चा अर्थ आहे, ‘हे पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले नाही’. दोन बाणांसह ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ दिसले तर ते अनेक हातांतून फिरून आले आहे. अनेक हातांतून आले म्हणून ते खरे ठरत नाही.

*मॉर्फ:* फोटोत फेरफार करून खोटा फोटो तयार करणे. जून २०१४ मध्ये महापुरुषांच्या अशाच विकृत चित्रांवरून पुण्यात तणाव पसरला आणि हडपसरला जमावाने एका तरुण आयटी कर्मचाऱ्याचा जीव घेतला. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. बाबासाहेबांच्या विटंबनेचा फोटो आपल्या ग्रुपवर येतो तेव्हा आपलेही रक्त तापते. पण संतापाने तो दहा ग्रुपवर पाठवणारा प्रत्येक जण विटंबना करणाऱ्याचेच काम करत असतो.

*लाइक:* नुसता अंगठा दाखवला, त्यात काय, असे वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये एका तरुणीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती फक्त लाइक केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. त्या अटकेवर देशभर टीका झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्यामागच्या प्रकरणांत हेही होते. लाइक ही आपल्या नावाने केलेली जाहीर कृती आहे, एवढे यातून शिकायचे.

कालाम सुत्तात बुद्धांनी केसपुत्त गावच्या लोकांना सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. आज ही शिकवण सर्वांत जास्त कुठे लागत असेल, तर फॉरवर्डच्या बाणावर बोट ठेवताना.

माणसाची वस्तू करणारे शब्द

इंटरनेटवर ‘बुधवार पेठ’ टाकून पाहा. भिडे वाडा क्वचित दिसतो. दिसतात ते अचकट विचकट विनोद. याला *मीम* म्हणतात. मीम म्हणजे हसत हसत एकमेकांना पाठवायचे चित्र. इथल्या शाळकरी मुलांना मात्र आपला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागते.

*कंटेंट, व्ह्यूज:* गल्लीतून चालता चालता लपवून व्हिडिओ काढणाऱ्यांना आम्ही अडवतो, तेव्हा उत्तर येते, ‘कंटेंट बनवतोय’. मराठीत सांगायचे तर दारात उभ्या असलेल्या बाईचा चेहरा तिला न विचारता विकायला काढणे. व्ह्यूज म्हणजे त्या विक्रीचा हिशोब. त्या बाईची मुले आणि गावाकडची माणसे तो व्हिडिओ पाहतात, हे या शब्दात कुठेच दिसत नाही.

*ट्रोल:* मुद्दाम डिवचून छळणारा. पण जातिवाचक शिवीला ‘ट्रोलिंग’ म्हणून सोडून देऊ नका. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा रीतीने जातीवरून केलेला अपमान अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) मध्ये गुन्हा आहे. समाज ज्यांना मान देतो अशा दिवंगत व्यक्तीचा अवमानही त्यात येतो. इंटरनेटवरचा अपमानही या कायद्यात येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले. तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण वकिलाला त्याचा दाखला देता येतो. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, हेही पोलीस ठाण्यात ठामपणे सांगा.

लढताना लागणारे शब्द

धमकी किंवा शिवी आली की आपले कार्यकर्ते आधी *ब्लॉक* करतात. घाईत चॅटही पुसले जाते आणि पुरावा हातातून जातो. क्रम असा ठेवा: आधी *स्क्रीनशॉट*, म्हणजे पडद्याचा फोटो, त्यात नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मग *लिंक* किंवा *यूआरएल*, म्हणजे त्या पोस्टचा पत्ता, उतरवून घ्या. त्यानंतर *रिपोर्ट*, म्हणजे कंपनीकडे तक्रार. शेवटी ब्लॉक. कंपनीकडे रिपोर्ट करणे म्हणजे पोलिसांत तक्रार नव्हे. ती वेगळी करावी लागते.

स्क्रीनशॉट कोर्टात टिकवायचा तर प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभेच्या निवडणूक वादातून गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे स्पष्ट केले. आता ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. मूळ उपकरणच कोर्टापुढे सिद्ध केले तर प्रमाणपत्राची अडचण येत नाही, असेही त्या निकालात आहे. म्हणून ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

विहारात अर्धा तास

रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा. एकाचा फोन मध्ये ठेवा, एक बटण निवडा आणि तीन प्रश्न विचारा: हे दाबले तर काय घडेल? माझे काय जाईल? दाबल्यावर मागे येता येईल का? उत्तर आजीला कळेल अशा शब्दांत फळ्यावर लिहा. एका रविवारी तीन शब्द झाले तरी पुरे. शिकवायला इंजिनिअर लागत नाही, दहावीतली मुलगीही शिकवू शकते.

आमच्या वर्गात पहिल्या रविवारी फळ्यावर दोनच शब्द लिहिले होते. सेव्ह: आपल्यापाशी ठेवले. सबमिट: त्यांच्याकडे दिले, पावती घ्या. ते तिनेच लिहिले, शिष्यवृत्ती गेलेल्या मुलीने. यंदाच्या अर्जाची पावती तिच्या वहीत चिकटवलेली आहे, आणि आता वस्तीतल्या पोरींचे अर्ज तीच तपासून देते.

जय भीम!