डिस्क ब्रेक बसवला, पण लीव्हर स्पंजसारखा लागतो? आधी या ४ टेस्ट करा

जुन्या बाईकला डिस्क ब्रेक बसवताना सगळे पार्ट एकाच गाडीचे क्वचितच मिळतात. डिस्क एका बाईकची, कॅलिपर दुसरीचा, मास्टर सिलिंडर ऑनलाइन मागवलेला आणि ब्रॅकेट लेथवाल्याकडून बनवून घेतलेला. फिटिंग मस्त दिसतं, पण लीव्हर दाबला की मऊ मऊ आत जातो. गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "एअर आहे, काढून देतो." तीनदा एअर काढली तरी लीव्हर तसाच!

कारण लीव्हर मऊ लागण्यामागे फक्त एअर नसते. ब्रेक ऑइल दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून लीव्हर कडक लागायला हवा. तो मऊ असेल तर तीनपैकी एक गोष्ट घडत असते: आत हवा आहे किंवा ऑइल गळतंय, कुठला तरी पार्ट वाकतोय किंवा फुगतोय, नाहीतर मास्टर सिलिंडर आणि कॅलिपरचं मापच जुळत नाही. नेमकं काय ते कसं ओळखायचं, चला पाहूया. सगळ्या टेस्ट गाडी बंद करून, मेन स्टँडवर लावूनच करा.

टेस्ट १: पटापट पंप करा

लीव्हर ४-५ वेळा पटापट दाबा. प्रत्येक वेळी तो थोडा वर येऊन कडक होत असेल, तर एअरचा संशय पक्का. पॅड डिस्कपासून जास्त लांब जात असतील तरीही असंच होतं.

एअर काढूनही ती राहते कशी? मिक्स पार्टच्या गाडीत पहिल्यांदा बघा ब्लीडिंग निपल कुठे आहे. डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे बसवला की निपल खाली जातो. हवा मात्र नेहमी वर चढते, म्हणजे ती कॅलिपरमध्येच अडकते. अशा वेळी कॅलिपर सोडवा, पॅडच्या मध्ये डिस्कएवढ्या जाडीची पट्टी घाला, निपल सगळ्यात वर येईल असा कॅलिपर धरा आणि मग एअर काढा.

टेस्ट २: ३० सेकंद दाबून धरा

लीव्हर जोरात दाबून तसाच धरून ठेवा. तो हळूहळू हँडलकडे सरकत असेल तर गळती आहे. बाहेर ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील तपासावं लागेल.

होज पाइपचा बोल्टही नीट बघा. दिसायला सारखे असलेले १० एमएमचे बोल्ट दोन वेगळ्या आट्यांचे येतात, १.० आणि १.२५ पिच. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे जातो आणि मग अडकतो. तो जोर लावून फिरवला की आटे खराब झालेच समजा. तांब्याचे वॉशरही दर वेळी नवे टाका. ही टेस्ट फेल झाली तर गाडी गल्लीतसुद्धा चालवू नका.

टेस्ट ३: मोबाइलचा कॅमेरा लावा

मोबाइल स्टँडवर ठेवा, कॅलिपर आणि होज पाइप झूम करून व्हिडिओ सुरू करा आणि मित्राला लीव्हर जोरात दाबायला सांगा. मग व्हिडिओ थांबवत थांबवत बघा.

- जुना रबरी होज पाइप फुगतोय का?
- ब्रॅकेट पिळला जातोय का?
- डिस्क एका बाजूला वाकतेय का? तसं असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिन जाम असतील किंवा ब्रॅकेट तिरका असेल.

यातलं काहीही दिसलं तर एअर कितीही काढा, लीव्हर मऊच राहणार.

टेस्ट ४: मापं जुळतात का?

पहिल्या तिन्ही टेस्ट पास, ब्रेकही जोरात लागतो, पण लीव्हर लांबपर्यंत जातो? मग हा मापांचा घोळ आहे. मास्टर सिलिंडरच्या बोअरचं माप बऱ्याचदा त्याच्या बॉडीवरच उठवलेलं असतं. कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास मोजून घ्या आणि मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा.

पिस्टनच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला पिस्टनच्या संख्येने गुणा आणि बोअरच्या वर्गाने भागा. (समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूचे पिस्टन धरा.)

समजा आधीचा सेट ११ एमएम बोअर आणि ३२ एमएमचा एक पिस्टन असा होता. १०२४ भागिले १२१, म्हणजे साधारण ८.५. आता त्याच मास्टरवर ३० एमएमच्या दोन पिस्टनचा कॅलिपर लावला. १८०० भागिले १२१, म्हणजे जवळपास १४.९. पॅड तेवढेच सरकवायला आता लीव्हर पावणेदोन पट दाबावा लागणार! इथे एअर दोषी नाहीच. त्याच कॅलिपरला १४ एमएमचा मास्टर लावला तर आकडा ९.२ येतो आणि फील पुन्हा जवळपास मूळ सेटसारखा होतो.

पण म्हणून सगळ्यात मोठा मास्टर घेऊ नका. तो जास्त मोठा झाला की लीव्हर लाकडासारखा कडक लागतो आणि ब्रेक मात्र कमी लागतो. म्हणजे कडक लीव्हर हा चांगल्या ब्रेकचा पुरावा नाही.

घाटातच मऊ पडतो का?

थंड असताना ठीक आणि घाट उतरताना मऊ, असं होत असेल तर ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातले आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

पुढच्या वेळी कोणी "एअर असेल" म्हणालं, की आधी या ४ टेस्ट करा. चारही पास झाल्या की पहिली राइड मोकळ्या मैदानात, हळू स्पीडला आणि हेल्मेट घालूनच.