सातारा-सांगली परिसरातील वसंतागमन : एक निरीक्षण

पंचांगानुसार वसंत ऋतूचा आरंभ चैत्रात होत असला, तरी सातारा व सांगली जिल्ह्यांतील डोंगरउतारांवर त्याची चाहूल फाल्गुनातच लागते. पळस, पांगारा व काटेसावर हे वृक्ष पानगळीनंतर निष्पर्ण अवस्थेत फुलतात. पर्णसंभार नसल्याने त्यांची लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरूनही दिसतात. मकरंदासाठी साळुंकी, बुलबुल, शिंजीर येतात आणि त्यांच्या चोचीला व डोक्याला चिकटलेल्या परागकणांमुळे परागीभवन घडते. म्हणून निरीक्षकाने पुष्कळ भटकण्यापेक्षा सकाळी एकाच बहरलेल्या वृक्षाजवळ थांबून नोंदी ठेवणे अधिक फलदायी ठरते.

मात्र याच काळात वाळलेल्या गवताला वणवे लागतात. जाळल्याने गवत चांगले उगवते, या समजुतीने काही वणवे मुद्दाम लावले जातात. त्यांत जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांची अंडी व कोवळी रोपे नष्ट होतात. उजाड डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने वनराई उभी राहून १९८५ मध्ये सागरेश्वर अभयारण्य घोषित झाले. अनेक वर्षांच्या श्रमांतून उभी राहणारी अशी वनसंपदा एका ठिणगीने नष्ट होऊ शकते. त्यामुळे वसंतातील निसर्गभ्रमंतीत फुला-पक्ष्यांबरोबरच जळालेल्या उतारांचीही नोंद होणे आवश्यक आहे.