काकडशिंगीतील कीटक आणि द्रव्यनिश्चिती

बालचातुर्भद्र चूर्णासाठी आणलेली काकडशिंगी कुटण्यापूर्वी तिचा एक पोकळ तुकडा उभा चिरून पांढऱ्या कागदावर झटकून पाहावा. जी धूळ पडते तीत भिंगाखाली असंख्य सुकलेले सूक्ष्म कीटक दिसतात. ही अस्वच्छता नव्हे. शेतकऱ्याच्या परिचयाच्या माव्याचेच हे भाऊबंद असून त्यांच्यावाचून हे द्रव्य निर्माणच होत नाही.

चरकाचार्यांनी कासहर महाकषायात शृंगी आणि हिक्कानिग्रहणात कुलीरशृंगी या नावांनी हिची योजना केली आहे. ही शेंग नव्हे, फळही नव्हे. वायव्य हिमालयातील पिस्ताशिया इंटेजेरिमा या वन्य वृक्षाचे पान मावा-मादी शोषू लागली की तेथील ऊती वाढून तिच्याभोवती शिंगासारखे पोकळ घर तयार होते. आत नराविनाच पिढ्या वाढतात. या माव्याचे वर्णन इंग्रज कीटकशास्त्रज्ञ बकटन यांनी १८९३ मध्ये केले. आज तो डॅसिया एडिफिकेटर म्हणून ओळखला जातो. एडिफिकेटर म्हणजे बांधकाम करणारा. नामकरण इतके समर्पक क्वचितच असते!

द्रव्यगुणाच्या अध्यापनात आपण वृक्षाच्या नावाशी थांबतो. बाजारात मात्र ऱ्हस सक्सिडेनिया या वृक्षावरील गाठी आणि दक्षिणेत हिरड्यावरील गाठीही काकडशिंगी म्हणून विकल्या जातात. वृक्ष निराळा, गाठ करणारा कीटक निराळा. मग द्रव्य तेच कसे मानावे? चिनी वैद्यकातील वू-बेइ-झी हे द्रव्यही माव्याच्या गाठींचेच. तेथे आकारावरून दोन प्रकार मानतात व त्यांमागील माव्याच्या जातीही निरनिराळ्या आहेत. त्यांपैकी एक मावा हिवाळा शेवाळावर काढतो, हे कळल्यावर तेथील उत्पादक शेवाळाचीही लागवड करू लागले.

अशा माव्याची जात ओळखणे सोपे नाही. गाठ निर्माण करणारी मादी बिनपंखी, तर गाठ फुटल्यावर बाहेर पडणारी पिढी पंखयुक्त असते. या गटातील अनेक जाती पुढे गवताच्या मुळांवर जातात, तेथे त्यांचे रूप आणखी बदलते. एकाच जातीच्या दोन रूपांना दोन नावे दिली गेल्याची उदाहरणे कीटकशास्त्रात आहेत. म्हणून नवी जात जाहीर करण्यापूर्वी शृंगिकांचे खंड व त्यांवरील संवेदनेंद्रिये, सोंडेचे टोक, मेणग्रंथी, पंखांच्या शिरा यांचे सूक्ष्मदर्शकाखाली मापन होते; पूर्वीच्या मूळ नमुन्यांशी तुलना होते; एक नमुना नामधारक म्हणून संग्रहालयात ठेवला जातो. अलीकडे जनुकीय क्रमाचीही जोड मिळते. परंतु यजमान वृक्षाचे नाव चुकले, तर ही सारी मेहनत संशयास्पद ठरते. वनस्पतीची जाण असलेला वैद्य नेमका येथेच उपयोगी पडतो.

दुकानातील वाळक्या गाठी या कामी फारशा उपयोगाच्या नाहीत; शृंगिका मोडलेल्या असतात आणि माल कोणत्या डोंगरातला हे व्यापारीही सांगू शकत नाही. हिमाचल वा उत्तराखंडात वनस्पतीदर्शनास जाणाऱ्यांनी, आवश्यक ती परवानगी घेऊन, गाठ असलेली पानांची डहाळी कागदात दाबून आणावी. त्याच झाडावरील, फुटण्याच्या बेतात आलेली गाठ उघडून पंखयुक्त कीटक मद्यार्कात बुडवावेत. स्थळ, उंची, दिनांक व वृक्षाचे स्थानिक नाव लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच घालावी. ती शिसपेन्सिलीने लिहावी. शाई मद्यार्कात विरघळते.